काळविटाची शिकार : जुनी आखणी, आजचा कायदा आणि दुधनीचा माळ

सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अक्कलकोट तालुक्याच्या पूर्व टोकाला आणि कर्नाटकाच्या सीमेलगत दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. तूर, हरभरा आणि ज्वारीच्या व्यापारासाठी ते परिसरात परिचित आहे. या भागातील काळ्या रानात आणि मुरमाड माळावर पावसाळा सरताच दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. पहिली रब्बीच्या पेरणीची आणि दुसरी कोवळ्या पिकात उतरणाऱ्या हरणांच्या कळपांची. त्या चर्चेत एक प्रश्न हमखास निघतो. पूर्वी काळविटाची शिकार रीतसर परवाना घेऊन करता येत असे, मग आता का येत नाही? आणि पिकाचे नुकसान होत असेल तर शेतकऱ्याने करायचे तरी काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच सांगितलेले बरे. काळविटाच्या शिकारीचा परवाना भारतात कोणालाही, कोणत्याही हंगामात, कोणत्याही कारणासाठी छंद म्हणून मिळत नाही. पिकाचे नुकसान हेही त्याला मारण्याचे कायदेशीर कारण ठरत नाही. मात्र हे उत्तर एवढ्यावर थांबत नाही. शिकार कशी आखली जात असे, ती का थांबली, जगात इतरत्र ती कशी चालू आहे आणि शेतकऱ्यासाठी आज कोणते मार्ग खुले आहेत, हे समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही.

काळवीट : ओळख आणि स्वभाव

काळवीट हा भारतीय उपखंडातील मूळ रहिवासी आहे. ‘अँटिलोपी सर्व्हिकाप्रा’ हे त्याचे शास्त्रीय नाव. सामान्य बोलण्यात आपण त्याला हरीण म्हणत असलो तरी प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चितळ, सांबर यांच्या कुळाहून तो वेगळा आहे. चितळ-सांबरांची शिंगे फांद्यांची असून ठराविक काळाने गळून पडतात व पुन्हा उगवतात. काळविटाची शिंगे पोकळ, पीळदार आणि आयुष्यभर टिकणारी असतात. पूर्ण वाढलेल्या नराच्या शिंगांना तीन-चार वेढे असतात आणि त्यांची लांबी साधारणतः ३५ ते ७५ सेंटिमीटर भरते. माद्यांना बहुधा शिंगे नसतात.

प्रौढ नराची पाठ गडद तपकिरी ते काळी, तर पोट, हनुवटी आणि डोळ्यांभोवतीची वर्तुळे पांढरीशुभ्र असतात. माद्या आणि तरुण नर पिवळसर तपकिरी असतात. खांद्यापाशी नराची उंची पाऊण मीटरच्या आसपास आणि वजन सर्वसाधारणपणे ३५ ते ४० किलो असते. ताशी ८० किलोमीटरच्या जवळपास वेगाने तो धावू शकतो. घ्राणेंद्रियापेक्षा तो दृष्टीवर अधिक विसंबून असतो, म्हणूनच दाट जंगलापेक्षा मोकळे माळरान त्याला मानवते. गर्भधारणेचा काळ सुमारे सहा महिन्यांचा असून एका वेळी बहुधा एकच पाडस जन्मते. पाडस पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहते आणि आई दूरवर चरत असते. हे ठाऊक नसल्यामुळे ‘एकटे सापडले’ म्हणून पाडस घरी आणण्याचा प्रकार वारंवार घडतो. त्यात पाडसाचा जीव धोक्यात येतो आणि नकळत कायद्याचाही भंग होतो.

सीमाभागात कन्नड बोलणारी माणसे हरणाला ‘जिंके’ आणि काळविटाला ‘कृष्णमृग’ म्हणतात. नावे दोन असली तरी कळप एकच असतो. त्याला राज्याची हद्द ठाऊक नसते.

मुलूख : माळ म्हणजे पडीक नव्हे

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरहूनही कमी पडणारा आणि त्यातही लहरी असणारा पाऊस हे त्याचे वैशिष्ट्य. खोल काळ्या जमिनीवर रब्बी ज्वारी, हरभरा आणि करडई, तर उंचवट्यावरच्या उथळ, खडकाळ जमिनीवर गवत आणि बोरी-बाभळी अशी या मुलखाची पूर्वापार मांडणी आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड आणि माळढोक ही या गवताळ प्रदेशाची खरी प्रजा.

सरकारी दप्तरात मात्र या माळांची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच होत आली. त्यावर झाडे लावण्याच्या योजना आल्या, काही ठिकाणी शेती वाढली, काही ठिकाणी वसाहती आणि कारखाने उभे राहिले. पाण्याची सोय झाली तेथे ऊस आला. माळ आक्रसला तसे कळप शेतात दिसू लागले. हरणे शेतात ‘आली’ असे आपण म्हणतो. पण अनेक ठिकाणी शेतच त्यांच्या चराईच्या जागेत गेले, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

या प्रदेशाचे महत्त्व ओळखून १९७९ साली नान्नज परिसर केंद्रस्थानी ठेवून माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. आरंभी त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर इतके अवाढव्य होते. त्यात गावे, शेते, रस्ते असे सारेच आले होते. पुढे सीमांची फेरआखणी होऊन ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. माळढोकाचे दर्शन आता तेथे दुर्मिळ झाले असले, तरी त्याच्यासाठी राखलेल्या गवताचा लाभ काळविटाला झाला. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली खास काळविटासाठी अभयारण्य झाले. त्याचा विस्तार अवघा २.१७ चौरस किलोमीटर आहे.

मृगयेची परंपरा

या मुलखात शिकारीचा इतिहास जुना आहे. दुधनीच्या ईशान्येस, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेले कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचे सविस्तर विवेचन आहे. पाळीव चित्त्याकडून हरणे मारविण्याच्या पद्धतीचा हा आपल्याकडील एक प्राचीन उल्लेख मानला जातो.

चित्त्याच्या शिकारीची ही प्रथा मोगल काळात भरभराटीस आली आणि महाराष्ट्रात कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकापर्यंत टिकली. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर नेत, कळप टप्प्यात आला की पट्टी काढून त्याला सोडत. चित्त्यांना शिकविणाऱ्या चित्तेवानांची घराणी तेथे होती. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून चित्ते मागवून ही हौस चालू ठेवण्यात आली. भारतातील चित्ता १९५२ साली नामशेष घोषित झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे नामिबियातून आणलेले चित्ते सोडण्यात आले, तेव्हा सात दशकांची पोकळी भरण्याचा प्रयत्न सुरू झाला.

राजेरजवाड्यांच्या हौसेखेरीज पोटासाठी होणारी शिकारही होती. फासेपारधी आणि हरणशिकारी या समाजांची नावेच त्यांच्या व्यवसायावरून पडली आहेत. तातीचे फास मांडून त्याकडे कळप हाकणे, शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने जवळ जाणे अशा त्यांच्या पद्धती होत्या. माग काढण्याचे त्यांचे ज्ञान अचाट होते आणि साहेबांच्या शिकारीतही त्याचाच उपयोग होई. इंग्रज सरकारने मात्र १८७१ च्या कायद्यान्वये अशा अनेक जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. सोलापुरातील ‘सेटलमेंट’ ही त्याच धोरणाची खूण होय. १९५२ साली हा शिक्का कायद्याने पुसला गेला. शिकारीचा इतिहास सांगताना कोणाची शिकार ‘खेळ’ ठरली आणि कोणाची ‘गुन्हा’, हा भेद विसरून चालणार नाही.

रायफलच्या काळातील मोहिमेची आखणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब पल्ल्याची रायफल आली आणि माळरानावरील शिकारीचे स्वरूप पालटले. दख्खनमधील शिकारीवर इंग्रज अधिकाऱ्यांनी विपुल लिहिले. ब्रिगेडियर जनरल आर. जी. बर्टन यांचे १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘स्पोर्ट अँड वाइल्ड लाइफ इन द डेक्कन’ हे त्यांतील एक परिचित पुस्तक. त्या काळी एखादी मोहीम आखताना पुढील गोष्टींचा विचार होई.

परवानगी : मुलूख खालसा असेल तर सरकारी नियम आणि संस्थानी असेल तर दरबारची मर्जी. सीमाभागात एका दिवसाच्या रपेटीत इंग्रजी मुलूख, एखादे मराठी संस्थान आणि निजामाचे राज्य अशा तीन हद्दी लागू शकत. त्यामुळे कोठे थांबायचे, हे आधीच ठरवावे लागे.

हंगाम : पाऊस संपल्यावर गवत उंच आणि जमीन चिखलट असते. काळ्या रानात गाडीची चाके रुततात आणि पायाला मणभर माती चिकटते. म्हणून वाफसा येऊन वाटा सुकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, हालचाल सुरू होई. हंगामाच्या आरंभी कळप बुजरे झालेले नसत, हा लाभ. पण पिके उभी असत, दृष्टी अडे आणि शेतात माणसांची वर्दळ असे, हा तोटा. ज्वारीची काढणी झाल्यावर रान मोकळे होई. तोवर कळप मात्र सावध झालेले असत.

जवळ जाण्याची युक्ती : मोकळ्या माळावर लपायला जागा नसते. परंतु रोजच्या बैलगाडीला हरणे बिचकत नाहीत. गाडीच्या पलीकडच्या अंगाने चालत राहायचे, कळपाच्या रोखाने सरळ न जाता मोठा वळसा घेत अंतर कमी करायचे आणि गाडी न थांबविता आपण मात्र खाली बसायचे, ही सर्वमान्य रीत होती. गाडीवानाचे कौशल्य येथे बंदुकीइतकेच मोलाचे ठरे.

नेमबाजी आणि सुरक्षितता : सपाट प्रदेशात सर्वांत मोठा धोका जनावराला नसून माणसाला असतो. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि काळ्या रानात त्या अंतरावर कोणीतरी कुळव धरलेला असतोच. म्हणून मागे मातीचा बांध किंवा टेकाड असल्याखेरीज गोळी झाडू नये, हा अनुभवी शिकाऱ्यांचा पहिला नियम होता. तो न पाळल्यामुळे होणारे अपघात हे शिकारीच्या गोष्टींतून सहसा गाळले जात.

निवड : पूर्ण शिंगांचा नरच मारावा, मादी आणि कोवळा नर सोडावा, जखमी जनावर माग काढून संपवावे, हे शिकारीचे सभ्य संकेत. ते सर्वांनी पाळले असते, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

मांसाची व्यवस्था : हंगामाच्या आरंभी दुपारचे ऊन अजून कडक असते. जनावर पडताच ते सोलून, सावलीत टांगून, संध्याकाळपर्यंत वाटून टाकणे भाग असे. गावातील माणसांना वाटा देण्याची प्रथा होती आणि पुढच्या खेपेचे सहकार्य त्यावरच अवलंबून असे.

कळप कसे नाहीसे झाले

विसाव्या शतकाच्या आरंभी काळवीट देशाच्या मैदानी भागात लाखोंच्या संख्येने होते. साठच्या दशकापर्यंत ती संख्या काही हजारांवर आली. या घसरणीची कारणे अनेक आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गाड्या सर्वत्र झाल्या. त्यांवर प्रखर दिवे लावून रात्री कळपाचे डोळे दिपवायचे आणि धडाधड गोळ्या झाडायच्या, हा प्रकार सुरू झाला. पीकसंरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने वाढले. संस्थाने विलीन झाल्यावर त्यांची राखीव शिकारीची राने कोणाचीच राहिली नाहीत. अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात माळ नांगराखाली आले. बैलगाडीच्या आडोशाने तासभर चालून एक नर मारणारा शिकारी आणि जीपमधून एका रात्रीत अर्धा कळप लोळविणारा शिकारी यांत केवळ साधनाचा नव्हे, तर वृत्तीचाही फरक होता.

एक विलक्षण योगायोग येथे नोंदविण्याजोगा आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९३२ साली भारतीय काळवीट नेऊन सोडण्यात आले आणि तेथे त्यांची भरपूर वाढ झाली. पुढे पाकिस्तानातून काळवीट नाहीसे झाले, तेव्हा १९७० साली टेक्सासमधूनच काही जनावरे आणून लाल सुहांरा येथे त्यांची पुन्हा जोपासना करण्यात आली. ज्या भूमीचा तो मूळ रहिवासी, तेथेच त्याला परदेशातून परत आणावे लागले.

कायदा : १९१२ ते २०२३

१९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने सरकारला ‘बंद हंगाम’ जाहीर करण्याचा अधिकार दिला. त्याच्या यादीत हरणांचाही समावेश होता. परंतु मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी जनावर मारणे त्या कायद्याने गुन्हा ठरत नव्हते. ही तरतूद शेतकऱ्यासाठी होती. तिचा आडोसा मात्र इतरांनीच अधिक घेतला. १९५१ साली मुंबई राज्याने स्वतंत्र कायदा करून शिकारीच्या परवान्यांची पद्धत घालून दिली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने चित्र बदलले. या कायद्यात आरंभी काही प्राण्यांची परवान्यावर शिकार करण्याची सोय होती, पण काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाखाली घेण्यात आले. १९९१ च्या दुरुस्तीने उरलेली परवाना पद्धतही संपुष्टात आली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने अनुसूचींची फेररचना केली, तरी काळवीट पहिल्या अनुसूचीतच आहे.

वाचकांनी लक्षात ठेवावेत असे काही मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत.

१) ‘शिकार’ या शब्दाची कायदेशीर व्याख्या व्यापक आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फास लावणे, हाकणे, आमिष दाखविणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे त्यात येते. म्हणजे गोळी लागली नाही, तरी गुन्हा घडतो.

२) पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. वाहन आणि शस्त्रेही जप्त होऊ शकतात.

३) कलम ११ अन्वये पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक झाला असेल, अथवा बरा न होण्याइतका जायबंदी किंवा रोगग्रस्त असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण खालच्या अनुसूचीतील प्राण्यांना लागू होते, काळविटाला नाही. रानडुक्कर आणि नीलगाय यांबाबत जी परवानगी मिळू शकते, ती हरणाबाबत का मिळत नाही, याचे उत्तर येथे आहे.

४) शस्त्र अधिनियम, १९५९ खाली पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. तो बंदूक बाळगण्याचा परवाना आहे. संरक्षित प्राणी मारण्याचा नव्हे.

५) मेलेले काळवीट, त्याचे कातडे किंवा शिंगे ही सरकारी मालमत्ता असते. असे काही हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा वन अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. विहिरीत पडून मेलेल्या हरणाचे मांस वाटून घेणे हाही गुन्हाच ठरतो.

हा कायदा केवळ गरिबाला धाक घालण्यासाठी आहे, असा समज आढळतो. राजस्थानात जोधपूरजवळील कांकाणी येथे १९९८ मध्ये झालेल्या काळवीट शिकारीच्या प्रकरणात एका नामवंत चित्रपट अभिनेत्याला एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील दाखल झाले. तथापि वीस वर्षे साक्षीवर ठाम राहिलेल्या बिष्णोई ग्रामस्थांमुळे हे प्रकरण टिकून राहिले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

अमेरिकेतील वेगळी वाट

परवाना देऊन शिकार आणि संरक्षण दोन्ही साधता येते, असे म्हणणारे अमेरिकेचे उदाहरण देतात. ते समजून घेण्यासारखे आहे. तेथील पश्चिमेकडील पर्वतराजीत ‘म्यूल डिअर’ नावाचे हरीण आहे. खेचरासारख्या मोठ्या कानांवरून त्याला हे नाव पडले. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याचे नर वृक्षरेषेच्या वरच्या कुरणात गटाने चरतात आणि त्यांच्या वाढत्या शिंगांवर मखमलीसारखी लव असते. कोलोरॅडोसारख्या राज्यात अशा उंच प्रदेशासाठी सप्टेंबरात हंगामपूर्व रायफल शिकारीचा अल्प काळ राखलेला असतो.

ही शिकार मनात आले म्हणून होत नाही. कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. प्रत्येक विभागात किती नर मारू द्यायचे, हे गणनेवरून ठरते आणि तेवढेच परवाने सोडतीने दिले जातात. परवान्यावर विभाग, तारखा, जनावर नर की मादी, हे सारे नमूद असते. शिकारीचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. रायफल हंगामात दुरून उठून दिसणारा भडक नारिंगी किंवा गुलाबी पोशाख सक्तीचा असतो. खाण्याजोगे मांस वाया घालविणे हा गुन्हा आहे. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनाकडे वळविले जाते.

हे सारे आकर्षक वाटते. पण त्यामागे विस्तीर्ण सार्वजनिक भूमी, विरळ वस्ती, नियमित गणना आणि नियम मोडणाऱ्याला खात्रीने गाठणारी यंत्रणा आहे. सोलापूरच्या माळावर दर दोन-तीन किलोमीटरवर वस्ती आहे, कळप खासगी शेतांत विखुरलेले आहेत आणि एकेका वनरक्षकाकडे कित्येक गावे आहेत. १९७२ पूर्वीच्या परवान्यांचा अनुभवही फार जुना झालेला नाही. तेव्हा परदेशी पद्धत उचलून येथे रुजविणे वाटते तितके सोपे नाही.

शेतकऱ्याने काय करावे

येथवरचे विवेचन वाचून ज्याची दुबार पेरणी वाया गेली त्या शेतकऱ्याचे समाधान होणार नाही आणि ते स्वाभाविक आहे. वन्यप्राणी ही साऱ्या समाजाची ठेव मानली, तर तिच्या राखणीचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने सोसावा, हे न्याय्य म्हणता येणार नाही. त्यासाठीच नुकसानभरपाईची तरतूद आहे. शासनाच्या यादीत हरीण (सारंग व कुरंग) यांनी केलेल्या पीकनुकसानीचा समावेश आहे. तिचा लाभ घेताना पुढील काळजी घ्यावी.

नुकसान दिसताच, शक्यतो तीन दिवसांच्या आत, जवळच्या वन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. सातबारा उताऱ्यावर त्या हंगामाच्या पिकाची नोंद असल्याची खात्री आधीच करून घ्यावी. पंचनामा होईपर्यंत त्या जागी पुन्हा नांगर घालू नये. खाल्लेले शेंडे, खुरांचे ठसे, लेंड्या यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. रक्कम शासनाने ठरविलेल्या दराने मिळते आणि हे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रचलित दर वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचारावेत. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे.

राखणीच्या उपायांत उगवणीचे पहिले तीन-चार आठवडे सर्वाधिक मोलाचे असतात. ज्वारी गुडघ्याच्या वर गेली की कळपाचे तिकडे लक्ष कमी होते. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात पेरणी केली, तर नुकसान विभागले जाते; एकटे हिरवे शेत मात्र पुरते चरले जाते. काळवीट तारेवरून उडी मारण्यापेक्षा खालून निघून जाणे पसंत करते, म्हणून कुंपणाची खालची तार जमिनीलगत असावी. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो व तो जीव घेत नाही. याउलट घरगुती विजेचा प्रवाह तारेत सोडणे हा गंभीर गुन्हा तर आहेच, शिवाय त्याने हरणाआधी गुराखी, शेजारी किंवा घरचेच मूल मरण्याचा धोका असतो. उघड्या विहिरींना कठडा बांधल्यास माणसे आणि जनावरे दोघांचेही प्राण वाचतात.

आज आखता येईल अशी मोहीम

माळावरची पहाट, वाऱ्याचा अंदाज, वळसा घेत कळपाजवळ जाण्याची कसोटी, हे शिकारीतील सारे सुख बंदुकीशिवायही मिळते. पाऊस संपून वाटा सुकल्या की ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ निरीक्षणास उत्तम. सूर्योदयापूर्वी पोहोचावे, सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी, मळकट रंगाचे कपडे घालावेत. आठ किंवा दहा पट मोठे दाखविणारी दुर्बीण पुरेशी होते. मोटार उभ्या पिकात किंवा गवतात घालू नये, कळपामागे पळवू नये. शेत खासगी असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. अभयारण्यात वन विभागाचे प्रवेशनियम पाळावेत. दुधनी परिसरातून जाणाऱ्यांना नान्नज एका दिवसात पाहून परतता येते. रेहेकुरीसाठी मुक्कामाची तयारी ठेवावी.

जाताना एक वही सोबत असावी. तारीख, गावाची शीव, नर-माद्या-पाडसांची संख्या आणि पिकाची अवस्था एवढ्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, तर कळप कोठे वाढतो आहे आणि नुकसान कोणत्या पंधरवड्यात होते, हे कळू शकेल. नुकसानभरपाईची मागणी असो वा माळ राखण्याची, दोन्हींसाठी आज सर्वांत मोठी उणीव आहे ती अशा गावपातळीवरच्या विश्वसनीय आकड्यांची. दुधनीसारख्या गावातील शाळा-महाविद्यालयांनी हे काम हाती घेतले, तर शेतकरी आणि वन विभाग यांच्यातील वादाला निदान एक समान आधार मिळेल. पुढच्या पेरणीपूर्वी त्याची सुरुवात करण्यास कोणाच्या परवान्याची आवश्यकता नाही.